मिनिकॉयचा एकच रस्ता

लक्षद्वीपमधलं मिनिकॉय बेट सायकलवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासाभरात संपतं, तेही अजिबात घाई न करता. चंद्रकोरीच्या आकाराचं हे बेट लांबीला दहा-अकरा किलोमीटर, क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरांच्याही आत. रुंदी इतकी बेताची, की बऱ्याच ठिकाणी एका हाताला माडांच्या आडून लगूनचं, म्हणजे प्रवाळांच्या कड्याच्या आत अडलेलं, उथळ हिरवं पाणी दिसत असतं आणि दुसऱ्या हाताला उघडा समुद्र आपटताना ऐकू येत असतो. पोचल्यावर दुसऱ्या सकाळी निघाले ती जेवणाच्या आत सगळा रस्ता करून परत आले. त्यानंतर मुक्काम संपेपर्यंत तोच रस्ता होता. मला त्या दिवसांबद्दल लिहायचं आहे.

आम्हा बेळगावच्या सायकलवाल्यांना अंतराची सवय. रविवारी पहाटे निघायचं, पिरनवाडी मागं टाकायची, जांबोटीला पोहे आणि चहा. जमलं तर कणकुंबीपर्यंत, जिथं मलप्रभा उगम पावते. अजून उत्साह असला तर चोर्ल्याच्या तोंडाशी जाऊन गोव्याच्या बाजूचं धुकं बघून माघारी. घरी आल्यावर किती किलोमीटर झाले ते फोनवर बघायचं आणि ग्रुपवर टाकायचं. यात गैर काही नाही, मी अजूनही टाकते. पण या हिशेबात रस्ता ही एकदा ओलांडून मोकळं व्हायची गोष्ट होते. मिनिकॉयला हा हिशेब चालतच नाही. मोजायला तिथं काही उरत नाही आणि बघायला मात्र संपत नाही.

माझा धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे. त्याच्या जहाजावरचा एक जुना सहकारी मिनिकॉयचा. त्या बेटावरचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या लांबच्या जहाजांवर खलाशी म्हणून जात आले आहेत. घरोघरी कुणीतरी दूरच्या समुद्रावर असतोच. 'दीदी, एकदा या,' असं तो भावाच्या फोनवरून कितीतरी वर्षं म्हणत होता. लक्षद्वीपला जायला प्रशासनाची परवानगी लागते, आपल्या गावच्या पोलिसांचा दाखला लागतो, तिथल्या कुणीतरी आपली हमी घ्यावी लागते. ती त्यानं घेतली. लोंढ्याहून घाट उतरून मडगाव, तिथून कोकण रेल्वेनं एर्नाकुलम, मग कोचीच्या धक्क्यावरून जहाज. आई शेवटपर्यंत 'कशाला जातीस गे एवढ्या पाण्यातनं?' म्हणत होती, आणि म्हणता म्हणता कुंद्याचा डबा पिशवीत हलणार नाही असा बसवत होती.

कोचीपासून मिनिकॉय चारशे किलोमीटरांच्या आसपास. लक्षद्वीपची बाकीची बेटं उत्तरेला पसरलेली आहेत. मिनिकॉय त्यांच्यापासून तुटून, नाइन डिग्री चॅनल या समुद्रपट्ट्याच्या दक्षिणेला, एकटं. राजधानी कवरत्ती दोनशे किलोमीटरांवर. आणि दक्षिणेला एट डिग्री चॅनलच्या पलीकडं मालदीवचं पहिलं बेट त्याहून बरंच जवळ. इथले लोक बोलतात ती महल भाषा म्हणजे मालदीवच्या दिवेहीचंच रूप. लिपीही तीच, थाना, उजवीकडून डावीकडं लिहायची. बाकीच्या बेटांवर मल्याळमच्या जवळची बोली चालते, शाळा-कचेऱ्यांत मल्याळम आणि इंग्रजी. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि बंगळूर साडेपाचशेच्या वर. त्याला हा नकाशा समजावून सांगायची गरज नाही.

मी भावाच्या त्या सहकाऱ्याच्याच घरी उतरले होते, सायकलही मला तिथलीच मिळाली. त्याच्या मुलीची, गियर नसलेली, पुढं टोपली, मागं कॅरियर. बेटावर स्कूटर आल्या आहेत, पण सायकली अजून भरपूर आहेत आणि त्या शोभेच्या नाहीत. शाळेची पोरं, मासळी घेऊन जाणारे म्हातारे, बाजार करून येणाऱ्या बायका, सगळे सायकलवर. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. तारा, रिम, चेन, सगळ्यांवर तांबूस थर धरतो. घरातली आजी रोज संध्याकाळी तेलाचं फडकं घेऊन चेनवरून फिरवायची. ते काम लवकरच माझ्याकडं आलं, आणि बेटावरचं माझं पहिलं स्वतःचं काम म्हणून मला ते फार आवडलं.

एक गोष्ट लक्षात यायला थोडा वेळ लागला. पहाटे अंधारात निघताना आमच्याकडं प्रत्येक गावाच्या वेशीवर पाय वर उचलायची तयारी ठेवावी लागते, कारण एखादं तरी कुत्रं पोटरीमागं लागतंच. इथं माझे पाय सवयीनं सावध होत होते आणि काहीच होत नव्हतं. लक्षद्वीपमध्ये कुत्रीच नाहीत. पहाटे सायकलचा आवाज, माडांच्या झावळ्यांची सळसळ आणि मशिदीतून येणारी अजान, इतकंच.

सपाट रस्ता म्हणजे सोपा रस्ता, असं मात्र नाही. वारा आहे. फेब्रुवारीत तो बहुतेक उत्तरेकडून यायचा आणि दुपारी चांगलाच भरायचा. दक्षिणेला जाताना पॅडल मारायचीही गरज नसायची. परत येताना तोच रस्ता दुप्पट लांब व्हायचा. दाट माडांमध्ये शिरलं की तो पडायचा, झाडी विरळ झाली की अंगावर यायचा. काही दिवसांनी मला त्याचे पट्टे पाठ झाले: इथं वाकायचं, इथं हात सोडून पाणी प्यायचं. ज्या रस्त्यावरून एकदाच जातो त्याचा वारा आपल्याला कधी कळत नाही. जांबोटीच्या रस्त्यानं मी वर्षानुवर्षं जाते, पण तिथला वारा कुठं वळतो हे मला आजही सांगता येणार नाही.

आणि जमीन. खानापूर तालुक्यात वाढलेल्या माणसाच्या मनात जमीन म्हणजे तांबडी माती आणि जांभा दगड. पावसाळ्यात मडगार्डवर तीच, उन्हाळ्यात नाकात तीच. मिनिकॉयला माती जवळजवळ नाहीच. पांढरी, भरड वाळू, आणि ती सगळी प्रवाळांची, शिंपल्यांची मोड. अशी बेटं कशी होतात याचं उत्तर डार्विननं १८४२ मध्ये मांडलं. समुद्रातला ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खाली खचत जातो, त्याच्या काठाला धरून वाढणारे प्रवाळ उजेडासाठी वर वर वाढत राहतात. शेवटी डोंगर दिसेनासा होतो आणि उरतं ते प्रवाळांचं कडं, मधे लगून. म्हणजे ज्या रस्त्यावर मी सायकल हाकत होते तो सगळा कोट्यवधी बारक्या जीवांच्या सांगाड्यांवर उभा. डोंगर नाही, ओढा नाही, नदीचा प्रश्नच नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर, हलकं असल्यामुळं, गोड्या पाण्याचा एक पातळ थर होऊन तरंगत राहतं. विहिरी त्या थरापुरत्याच. जास्त उपसा केला की खारं वर येतं. मलप्रभा आणि म्हादई या दोन्ही नद्या ज्या तालुक्यात जन्मतात आणि ज्यांच्या पाण्यावरून तीन राज्यं न्यायाधिकरणापुढं उभी राहिली, त्या तालुक्यातली मी. त्या घरातल्या विहिरीत पोहरा अलगद सोडायला मला शिकवावं लागलं.

बेटावर वस्ती सुमारे दहा हजारांची, आणि ती गावांमध्ये वाटलेली. बडा, औमगू, रम्मेडू, कुडेही अशी नावं. एक गाव संपून दुसरं कधी लागलं हे पहिल्या फेरीत कळत नाही, घरांना घरं लागून आहेत. पण प्रत्येक गावाचं स्वतःचं एक घर असतं, जिथं गावाच्या बैठका होतात आणि कार्यं होतात. गावाची स्वतःची लांबलचक शर्यतीची होडी असते, जाहधोनी, रंगवलेली आणि जीवापाड जपलेली. पुरुषांचा एक प्रमुख, बोडुकाका. बायकांची एक प्रमुख, बोडुथाथा. गल्ल्या झाडायच्या कुणी, लग्नाला नारळ किती जणांनी आणायचे, कुणाच्या घरचं छप्पर आधी शाकारायचं, हे तिथं ठरतं. पुरुष महिनोन्‌महिने जहाजांवर असल्यामुळं घर आणि गाव चालवायची जबाबदारी बायकांवर फार जुन्या काळापासून आहे, आणि नवरा लग्नानंतर बायकोच्या घरी येतो.

बोडुथाथांना मी भेटले त्या सायकलमुळंच. रोज त्याच वेळी त्याच गल्लीतून जाणारी परकी बाई कोण, म्हणून त्यांनी हात करून थांबवलं. साठी ओलांडलेल्या, मोडकं हिंदी बोलणाऱ्या, आणि प्रश्न विचारताना कसलाही आडपडदा न ठेवणाऱ्या. कुठून आलात, कुणाच्या घरी उतरलात, नवरा काय करतो, मुलं किती, एकटी का. मग बसा म्हणाल्या. नारळाचं पाणी आलं, विलायती फणसाचे तळलेले काप आले. मी त्यांना कुंद्याच्या वड्या दिल्या. एक तोंडात टाकून त्यांनी बाकीच्या पदराआड ठेवल्या, नातवांसाठी.

तिथंच तो प्रश्न आला. तुमची भाषा कुठली? मी म्हटलं मराठी. राज्य? कर्नाटक. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या विषयाला गेल्या.

हे वाचताना कदाचित काही वाटणार नाही, पण माझ्या पिढीच्या सीमाभागातल्या कुणालाही विचारा. या दोन उत्तरांनंतर आमची सुटका कधीच होत नाही. पुण्यात विचारतात, मग तुमचं मराठी इतकं चांगलं कसं? बंगळुरात विचारतात, इतकी वर्षं कर्नाटकात राहून घरात मराठी कसं? दोन्हीकडं खुलासा द्यायचा. मिनिकॉयच्या त्या ओट्यावर माझं उत्तर पहिल्यांदा उत्तर म्हणून पुरलं. कारण त्या घरात आजी महल बोलते, नातू शाळेतून मल्याळम घेऊन येतो, टीव्हीवर हिंदी चालू असतं, आणि यातल्या कशाचाच कुणाला खुलासा मागावासा वाटत नाही.

त्या रात्री तारखांचा विचार करत बसले होते. १ नोव्हेंबर १९५६. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यानं त्या दिवशी बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच कायद्यानं, त्याच दिवशी, मद्रास राज्यातली लक्कादीव, मिनिकॉय आणि अमिनदिवी बेटं बाजूला काढून त्यांचा केंद्रशासित प्रदेश झाला. लक्षद्वीप हे नाव १९७३ सालचं. म्हणजे एकाच कागदानं माझ्या गावाचा आणि या बेटाचा पत्ता एकाच दिवशी बदलला होता. मी हे आधी कुठं ना कुठं वाचलेलं असणार. पण त्या खोलीत, समुद्राचा आवाज दोन्ही बाजूंनी येत असताना, ते पहिल्यांदा अंगाला लागलं.

आमच्या शहरात १ नोव्हेंबर दोन प्रकारे येतो. एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे, ढोल, रात्रीपर्यंत चालणारे चित्ररथ. दुसरीकडं काळ्या फिती बांधून निघणारी मराठी माणसांची फेरी. मी लहानपणापासून दोन्ही बघितलं आहे. बेळगावचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं तेही २०१४ च्या १ नोव्हेंबरला. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात केलेला दावा अजून उभा आहे. माझं मत विचाराल तर मराठी शाळा टिकल्या पाहिजेत, सातबाऱ्यापासून बसच्या पाटीपर्यंत ज्याला ज्या भाषेत वाचता येतं त्याला त्या भाषेत कागद मिळाला पाहिजे, आणि तो हक्क म्हणून मिळाला पाहिजे, मेहरबानी म्हणून नाही. त्याचबरोबर माझं कन्नडही माझंच आहे. बाळंतपणात माझ्या उशाशी बसलेली शेजारीण कन्नड बोलत होती आणि मी तिला मराठीत उत्तरं देत होते. या दोन गोष्टी एका वाक्यात म्हटल्या की दोन्हीकडची माणसं अस्वस्थ होतात, हे मला माहीत आहे. तरी मी त्या एकत्रच म्हणणार.

मिनिकॉयला एक गोष्ट मी मुद्दाम कान देऊन ऐकत होते. 'आम्ही टोकाला आहोत' असं कुणी म्हणतं का? कुणीच म्हटलं नाही. दिल्लीहून पाहिलं तर हे टोकच आहे. १९७६ साली भारत आणि मालदीव यांच्यात सागरी सीमेचा करार झाला तेव्हा ही रेघ बेटाच्या दक्षिणेच्या पाण्यातून गेली. मार्च २०२४ मध्ये नौदलानं इथं आयएनएस जटायू हा तळ सुरू केला, तो या टोकाकडं लक्ष ठेवायलाच. पण बेटावरच्या बोलण्यात कोची लांब असते, कवरत्ती लांब असते, माले लांब असते. मिनिकॉय कशापासूनच लांब नसतं. आम्ही मात्र स्वतःलाच सीमाभाग म्हणतो. पोरांच्या निबंधात, सभेत, लग्नाच्या बोलाचालीतसुद्धा. ज्या वहीच्या पानावर आमचं सगळं आयुष्य लिहिलं जातं त्याला आम्हीच समास म्हणत आलो.

बेटाच्या दक्षिणेकडं दीपगृह आहे. पांढरा, गोल, उंच मनोरा, १८८५ सालचा. सुवेझ कालवा १८६९ मध्ये उघडला आणि एडनहून कोलंबोकडं जाणाऱ्या आगबोटी याच पाण्यातून जाऊ लागल्या. अंधारात हे सखल बेट दिसायचं नाही आणि प्रवाळाच्या खडकांवर जहाजं फुटायची. म्हणून हा दिवा. गोल जिना चढताना मांड्या भरून आल्या. इतके दिवस सपाटीवर राहून त्यांना उंची विसरायला झाली होती. वर गेल्यावर मात्र बेट एकाच नजरेत आलं: माडांचा गर्द पट्टा, पश्चिमेला लगूनच्या हिरव्या-निळ्या छटा, त्यापलीकडं लाटा फुटण्याची पांढरी रेघ, आणि तिच्या बाहेर एकदम काळाभोर निळा. रस्ता मधूनच कुठंतरी दिसायचा, झाडांत बुडायचा.

तिथून विरिंगिली दिसतं. मुख्य बेटाजवळचा हिरवा ठिपका. एके काळी मिनिकॉयच्या कुष्ठरोग्यांना तिथं नेऊन सोडत. हालअपेष्टांत ते तिथंच जगत आणि तिथंच मरत. आता कुणी राहत नाही. मी वर कठड्याशी उभी राहून त्या ठिपक्याकडं बराच वेळ बघत होते. ज्या गावांचा एकोपा मला इतका भावला होता, त्याच गावांनी एके काळी आपल्यातल्या माणसांना त्या ठिपक्यावर नेऊन ठेवलं होतं, आणि एकोप्याबद्दल लिहिताना हे वगळून लिहिणं मला पटत नाही. खाली उतरल्यावर त्याबद्दल विचारलं, तेव्हा आजी एवढंच म्हणाली की तिच्या लहानपणी पोरांना त्या बाजूला बोट दाखवायचीही बंदी होती.

मासळीबद्दल लिहायचं तर पान पुरणार नाही. मिनिकॉयचा सगळा व्यवहार ट्यूनावर, आपल्या कोकणात ज्याला कुप्पा म्हणतात त्यावर. पद्धत जुनी आणि विलक्षण नेमकी आहे. आधी लगूनमध्ये बारीक मासे जाळ्यानं धरायचे आणि ते बोटीच्या पोटात, वाहत्या समुद्राच्या पाण्यात, जिवंत ठेवायचे. मग बाहेरच्या समुद्रात कुप्प्याचा थवा गाठायचा. जिवंत मासे पाण्यात भिरकावायचे, वरून पाण्याचे फवारे उडवायचे, म्हणजे खाली असलेल्या थव्याला वाटतं की वर खाद्य उसळतंय. काठीला दोरी, दोरीला गळ, आणि गळाला मागचा काटाच नाही. मासा लागला की हिसका देऊन डोक्यावरून बोटीत, आपोआप सुटतो, गळ लगेच पुन्हा पाण्यात. जाळं टाकून सगळं ओरबाडून घेणं यात नाही. १९६९ पासून इथं ट्यूना डबाबंद करायचा कारखाना आहे. पण घरोघरी होतं ते मासमीन: मासा उकडायचा, धुरी द्यायची, उन्हात वाळवायचा, की सागवानाच्या ढलपीसारखा कडक होतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. किसून, खोबऱ्याबरोबर भातात. मी शिदोरी म्हणून घरी आणला. आईनं हुंगून बाजूला ठेवला, दुसऱ्या दिवशी मात्र चिंच घालून त्याची आमटी केली आणि पुन्हा मिळेल का म्हणून विचारलं.

या माशांचं सगळं गणित लगूनवर आहे, कारण चाऱ्याचे मासे प्रवाळांत वाढतात. समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडतात. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये लक्षद्वीपमध्ये ते मोठ्या प्रमाणावर घडलं. भावाचा सहकारी हे सांगताना आवाज चढवत नव्हता. कुठल्या खडकापाशी पूर्वी किती चारा मिळायचा आणि आता किती, एवढंच सांगत होता, आपल्याकडं शेतकरी विहिरीला पूर्वी किती परस पाणी होतं ते सांगतो त्या सुरात.

त्याच्या मुलीशी माझी गट्टी जमली ती तिच्या सायकलवरून. सोळा-सतरा वर्षांची, बारावीला. बेट सोडून ती गेलेली कोचीला, आणि कोचीतही सपाटीवरच राहिलेली. मी फोनवर तिला चोर्ला घाटाचे फोटो दाखवत होते तेव्हा तिनं विचारलं, हा रस्ता असा वाकडा का काढला आहे? मी म्हटलं, चढ आहे म्हणून. तिनं चढ सिनेमात पाहिलेला होता. पण सायकल नुसती सोडून दिली की ती स्वतःहून पळत सुटते, पॅडल न मारता वेग वाढत जातो, हे तिला खरं वाटेना. वाऱ्यासारखं का? तिनं विचारलं. वाऱ्यासारखं नाही, वारा थांबला तरी ती थांबत नाही, मी म्हटलं. मग थांबवता कशी? तिच्या सायकलचा पुढचा ब्रेक कित्येक दिवसांपासून तुटलेला होता आणि तो दुरुस्त करावा असं कुणालाही वाटलं नव्हतं. पाय टेकवला की झालं.

ऑक्टोबरात ती सगळी मंडळी बेळगावला येणार आहेत. भावाचीही सुट्टी त्याच सुमारास आहे. आईनं खोली झाडून ठेवायला आत्तापासून सुरुवात केली आहे आणि ते भात किती खातात हे मला दोनदा विचारून झालं आहे. राजहंसगडाचा रस्ता पहिल्याच दिवशी नको, तो फार उभा आहे. किणयेच्या पुढं जांबोटीकडं जाताना एक लांब, सरळ, अंगावर न येणारा उतार आहे, पुढं सपाटी, रहदारी सकाळी कमी. तिथून सुरुवात करायची. भावाच्या मुलाची जुनी सायकल दुकानात देऊन दोन्ही ब्रेकचे रबर नवे घालून घेतले आहेत. आधी मागचा दाबायचा, मग हळूच पुढचा, हे तिला मी फोनवर सांगितलं आहे, आणि ती तिथल्या सपाट रस्त्यावर त्याचा सराव करते आहे.